गोरिलांचा संसार

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाला मी गोरिलांचा विषय घेणार आहे असे चिटणीसबाईंना कळविले, तेव्हा त्या क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहातच राहिल्या. "अहो काकू, भाषणानंतर हळदीकुंकू आहे. प्रसंगाला शोभेलसं काही घ्या ना!" असे त्या म्हणाल्या. त्यांचे काही चुकले नाही. आपल्या व्यासपीठावर आजवर आदर्श कुटुंब, गृहिणीचा दिनक्रम, मुलांचे संगोपन अशा विषयांवर पुष्कळ चांगली भाषणे झाली आहेत. पण मीही आज कुटुंबावरच बोलणार आहे. या कुटुंबातल्या मंडळींच्या अंगावर केस जरा जास्त आहेत, इतकेच. तेव्हा थोडा धीर धरा आणि ऐका.

माझी धाकटी मुलगी स्वित्झर्लंडमध्ये बाझेल नावाच्या शहरी राहाते. ऱ्हाईन नदीच्या काठचे हे जुने शहर औषधांच्या मोठमोठ्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. जावई त्यांतल्याच एका कारखान्यात रसायनशास्त्राचे काम करतात. २०१७ साली मुलीचे बाळंतपण करायला मी तिकडे गेले. जाताना डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा आणि जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी असा सगळा सरंजाम नेला होता. वाटले, एवढे नेले म्हणजे झाले. चार बाळंतपणे मी पाहिलेली, दोन स्वतःची झालेली. मला आता कोणी काय शिकवणार?

नातू झाला, सगळे सुखरूप पार पडले. चौथ्या दिवशी मायलेकरे घरी आली आणि मग अडचण सुरू झाली. मूल अंगावर नीट पिईना. तोंड लावी, सोडी, पुन्हा रडे. मुलीच्या डोळ्यांना पाणी येई. रात्री दोन वाजता, तीन वाजता हा प्रकार. मी आपली, "असं धर, तसं धर, मान वर घे" असे लांबून सांगत असे. अशाच एका रात्री, झोपमोड झाल्यामुळे म्हणा किंवा काळजीने म्हणा, माझ्या तोंडून निघून गेले, "अगं, हे जनावरांनासुद्धा न शिकवता येतं. एवढी शिकलीस आणि तुला कसं जमत नाही?"

ती काही बोलली नाही. तिने तोंड भिंतीकडे केले. भगिनींनो, ते वाक्य मी तुमच्यापुढे मुद्दाम सांगते आहे, कारण आजचे माझे सारे भाषण त्या एका वाक्याचे प्रायश्चित्त आहे.

त्या देशात एक चांगली रीत आहे. बाळंतीण घरी आली की शिकलेली सुईण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी येते, पुढेही येत राहाते, आणि तिचा खर्च विम्यातून भागतो. आमच्याकडेही अशी एक बाई आली. तिने आधी मुलीला पाणी प्यायला दिले. पाठीशी उशी दिली. मग बाळाचे पोट आईच्या पोटाला लागेल असे त्याला कुशीवर वळविले, आणि बाळाने तोंड पुरते उघडेपर्यंत थांबायला सांगितले. घाई नाही, रागावणे नाही. ती अर्धा तास नुसती शेजारी बसली होती. आठवड्याभरात मूल छान पिऊ लागले. अडचण सरली, माझे वाक्य मात्र त्या घरात राहून गेले. मुलगी माझ्याशी नीट बोले, पण मोजके बोले.

सव्वा महिना उलटल्यावर आम्ही बाळाला ढकलगाडीत घालून रोज फिरायला जाऊ लागलो. घरापासून जवळच बाझेलचे प्राणिसंग्रहालय आहे. १८७४ साली सुरू झालेले हे ठिकाण त्या लोकांचे मोठे लाडके. प्रेमाने त्याला ते 'त्सोली' म्हणतात. मोठी झाडे, बसायला बाके, आणि बाळंतिणीला चालायला सपाट रस्ते. वाघसिंहांपाशी आम्ही फारशा थांबत नसू. आमचे पाय वळत ते गोरिलांच्या घराकडे.

गोरिला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे छाती बडवणारा, दात विचकणारा राक्षस उभा राहातो. हे चित्र सिनेमावाल्यांचे आहे. प्रत्यक्षात हा प्राणी शाकाहारी म्हणावा असाच. पाने, कोवळ्या फांद्या, कंद, फळे खातो, फार तर मुंग्या-वाळवी. दिवसातला पुष्कळ वेळ खाणे आणि खाऊन पडून राहाणे यांत जातो. पोटभर खाल्ले की घशातून एक जाडसर हुंकार काढतो, आपल्याकडे जेवण झाल्यावर आजोबा ढेकर देऊन 'हं' म्हणत तसा. एकाने हुंकार दिला की दुसरा देतो, तिसरा देतो. म्हणजे, 'मी इथे आहे, सगळे ठीक आहे.' मला तर ते ऐकून आमच्या जुन्या वाड्यातली दुपार आठवली.

या कुटुंबाचा कर्ता एकच, मोठा नर. बारा-तेरा वर्षांचा झाला की नराच्या पाठीवरचे केस रुपेरी होऊ लागतात, म्हणून त्याला रुपेरी पाठीचा म्हणतात. वजन दीडशे किलोच्या पुढे. मादी त्याच्या निम्मी. या एका कर्त्याच्या भोवती तीन-चार माद्या आणि त्यांची पोरे. माद्या एकमेकींच्या बहिणी-बहिणी नसतात. मुलगी वयात आली की जन्मघर सोडते आणि दुसऱ्या कुटुंबात जाते. सासरी जाणे आपल्याच नशिबी आले आहे असे समजू नका! मात्र एक फरक आहे. रानात ही मुलगी आपली आपण निघते, आणि नवा कर्ता धड निघाला नाही तर तिथूनही उठून तिसरीकडे जाते. प्राणिसंग्रहालयात ही सोयरीक माणसे जुळवितात. कुठे कोण जन्मले, कोणाचे आईबाप कोण, याची वंशावळ नोंदवहीत लिहिलेली असते, आणि एका गावची मुलगी दुसऱ्या देशात द्यायची ती वही पाहून देतात. जवळच्या नात्यात द्यायची नाही, हा नियम आपल्यासारखाच.

सवतींचे घर म्हटल्यावर भांडणे आलीच. चांगली जागा, आवडीचा पाला, कर्त्याजवळचे बसणे, यांवरून कुरबुर चालते. आवाज चढला की तो मोठा नर उठतो, चार पावले टाकून मधे जाऊन उभा राहातो आणि एकदा खाकरतो. बस्स. दोघी दोन दिशांना तोंडे करून बसतात. कोणाचा न्याय कोणाचा अन्याय, याची चौकशी नाही. पण दुबळीला फार मार बसू देत नाही, आणि पोरक्या पोराला जवळ घेतो. अमेरिकेत कोलंबस शहरी बाँगो नावाचा असा एक नर होता. १९८७ साली त्याची जोडीदारीण वारली आणि फॉसी नावाचे लहान मूल मागे राहिले. एवढ्या धिप्पाड बाप्याने ते पोर स्वतः सांभाळले, जवळ घेऊन निजविले. ही गोष्ट घरी गेल्यावर यजमानांना अवश्य सांगा.

आणि पोरे! गोरिलाचे मूल साडेआठ महिन्यांनी जन्माला येते. दोन किलोच्या आसपास, आपल्या मुलाहून लहानच. पहिले कित्येक महिने ते आईच्या छातीला चिकटून असते, मग पाठीवर बसू लागते. तीन-चार वर्षे आई अंगावर पाजते आणि तोवर दुसरे मूल होत नाही. मूल झाले की घरातल्या कुमारिका भोवती गोळा होतात. टक लावून पाहातात, हळूच एक बोट लावतात. आई प्रथम पाठ फिरविते. पुढे विश्वास बसला की हात लावू देते, घटकाभर घेऊही देते. मी तासन् तास पाहात बसे. एक पोरगी दुसरीच्या बाळाचा पाय धरून, तो आपल्या तळव्यावर ठेवून, बराच वेळ नुसती न्याहाळीत होती. त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नाही.

त्या घराच्या एका कोपऱ्यात एक म्हातारी बसलेली असे. केस विरळ झालेले, हालचाल मंद. पोरे अंगावरून उड्या मारीत गेली तरी ती जागची हलत नसे. तिचे नाव गोमा. एके दिवशी मुलगी मला म्हणाली, "आई, तुला त्या आजीची गोष्ट सांगू?" इतक्या दिवसांत ती होऊन काही सांगते आहे म्हटल्यावर मी कान टवकारले.

ती गोष्ट अशी. अकिला नावाची एक मादी १९४८ साली अगदी लहानपणी या संग्रहालयात आली. पूर्वी गोरिलाचे पोर कसे मिळवीत, ठाऊक आहे? आई मुलाला सोडीत नाही आणि घरचे आईला सोडीत नाहीत. म्हणून रानात आधी मोठ्यांना मारीत आणि मग मेलेल्या आईच्या छातीवरून मूल काढून घेत. युरोप-अमेरिकेतल्या पिंजऱ्यांत त्या काळी जी गोरिलाची पोरे दिसत, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या मागे असे एक उद्ध्वस्त घर असे. अकिलाही मोठी झाली ती आईवाचून. तिने कोणाला मूल झालेले पाहिले नाही, कोणी कोणाला पाजताना पाहिले नाही.

१९५९ साली, २३ सप्टेंबरला, या अकिलाला मुलगी झाली. युरोपात प्राणिसंग्रहालयात जन्मलेले ते पहिलेच गोरिलाचे मूल. सगळ्या जगात दुसरे. पहिले कोलो, ते तीन वर्षे आधी कोलंबसला जन्मले होते. सगळीकडे आनंदीआनंद झाला. अकिलाने मूल टाकले नाही, मारले नाही. तिने ते हातात धरले, जवळ घेतले, त्याला सोडायला ती तयार नव्हती. फक्त तिला पाजता येईना. मूल भुकेने रडे आणि आई त्याला प्रेमाने घट्ट धरून बसे. पण छातीशी कसे लावायचे, हे तिला ठाऊकच नव्हते. शेवटी मूल दगावेल म्हणून संचालक एर्न्स्ट लांग यांनी ते काढून घेतले आणि आपल्या घरी नेले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने बाटलीचे दूध देऊन, लंगोट बांधून, अंगाखांद्यावर खेळवून ती पोर वाढविली. तीच ही गोमा.

मुलगी एवढे बोलून थांबली. मग हळूच म्हणाली, "आई, जनावरांनासुद्धा न शिकवता येत नाही गं."

भगिनींनो, त्या बाकावर मला काही उत्तर सुचले नाही. समोर ती म्हातारी गोमा पाय पोटाशी घेऊन बसली होती. अकिलापाशी माया नव्हती का? होती, भरपूर होती. दूधही आले असेल. तिच्यापाशी नव्हते ते एवढेच, की कधी कोणी तिच्यासमोर बसून मूल पाजले नव्हते.

आणि मग मला माझे स्वतःचे पहिले बाळंतपण आठवले. मी समजत होते की मला सगळे आपोआप आले. अहो, आपोआप कुठले! लहानपणी वाड्यात अकरा बिऱ्हाडे. वर्षातून दोन-तीन तरी बाळंतपणे. शेजारच्या काकू पदराआड मूल पाजीत बसल्या असताना आम्ही पोरी तिथेच सागरगोटे खेळत होतो. दहा वर्षांची होईतो मी डझनभर तान्ही मांडीवर घेतली होती, पायांवर न्हाऊ घालताना पाहिली होती. आणि माझ्या वेळी आई होती, आत्या होती, सुईण होती. "बाळाला छातीकडे आण, छाती बाळाकडे नेऊ नकोस," हे आत्याने मला सांगितलेले शब्द चाळीस वर्षांनी त्या परक्या गावच्या बाकावर मला ऐकू आले. शिकविले होते हो, चांगले शिकविले होते! पण इतक्या सहज शिकविले होते की शिकल्याचे मला स्मरणही राहिले नाही. आणि माझी मुलगी? चार भिंतींच्या फ्लॅटमध्ये वाढली. शाळा, क्लास, कॉलेज, परीक्षा. पहिला नंबर सोडला नाही. जन्मात तिने मांडीवर घेतलेले पहिले तान्हे मूल ते तिचे स्वतःचे! तिला मी वाड्यातले काही दिले नव्हते, आणि वाड्याचा हिशेब मात्र मागत होते. त्या कळपातली पोरगी दुसरीच्या बाळाचा पाय तळव्यावर घेऊन काय करीत होती, ते मला तेव्हा उमगले. तिची शाळा चालू होती.

अकिलाची गोष्ट इथे संपत नाही, म्हणून तर सांगण्यात गोडी आहे. दोन वर्षांनी, १९६१ च्या एप्रिलमध्ये, तिला मुलगा झाला. या खेपेला तिने त्याला स्वतः पाजले, स्वतः वाढविले. बंदिवासात गोरिला आईने स्वतः वाढविलेले ते पहिले मूल. पुढेही तिला मुले झाली. एकीचे तर नावच क्वार्टा, म्हणजे चौथी. पहिल्या वेळी जमले नाही म्हणून अकिला वाईट आई ठरली नाही. मुलीला हे मी जेव्हा म्हटले तेव्हा ती कितीतरी दिवसांनी माझ्याकडे पाहून हसली.

त्या मुलाचे नाव जांबो. स्वाहिली भाषेत हा नमस्काराचा शब्द आहे. जांबो मोठा झाल्यावर, १९७२ साली, त्याला इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर, जेरल्ड ड्युरेल यांच्या संग्रहालयात पाठविले. तिथे तो एका मोठ्या कुटुंबाचा कर्ता झाला. १९८६ च्या ३१ ऑगस्टला पाच वर्षांचा एक मुलगा कठड्यावरून या गोरिलांच्या आवारात पडला. डोक्याला लागून निपचित झाला. वर शेकडो माणसे किंचाळत होती. जांबो उठला, मुलापाशी आला, त्याला हुंगले, आणि हाताच्या बोटांनी हळूहळू त्याची पाठ कुरवाळली. बाकीचे गोरिला जवळ येऊ लागले तेव्हा तो मुलाच्या आणि त्यांच्या मधे उभा राहिला. थोड्या वेळाने मूल शुद्धीवर येऊन रडू लागले. त्या रडण्याने जांबो मागे सरला आणि आपल्या माणसांना घेऊन आत निघून गेला. मग रखवालदार आणि रुग्णवाहिकेचा माणूस खाली उतरले आणि त्यांनी मुलाला बाहेर काढले. मूल वाचले. कोणीतरी त्याचे चित्रण केले होते, ते साऱ्या जगाने पाहिले. जांबो १९९२ साली गेला. जर्सीला त्याचा पुतळा आहे.

शास्त्रज्ञ याचा अर्थ काय लावतील तो लावोत. मला मात्र वाटते, लहान जीव कसा हाताळायचा हे जांबोला ठाऊक होते, कारण त्याला स्वतःला तसे हाताळले गेले होते.

अकिलासारख्या आया पाहून संग्रहालयातली माणसेही शहाणी झाली. पूर्वी आईला जमले नाही की मूल उचलून माणसांच्या घरी नेत. पण माणसांत वाढलेले गोरिला पुढे स्वतःच्या लोकांत परके ठरत. म्हणून आता मूल होता होईतो कुटुंबातच ठेवतात. अमेरिकेतच शिकागोजवळ ब्रूकफील्ड येथे बिंती जुआ नावाची मादी होती, नावाचा अर्थ सूर्यकन्या. ती लहानपणी माणसांनी वाढविलेली. तिला दिवस गेले तेव्हा रखवालदारांनी तिच्या हाती कापसाची बाहुली दिली, आणि ती कशी धरायची, छातीशी कशी लावायची, हे तिला शिकविले. मूल झाले, ते तिने उत्तम वाढविले. १९९६ च्या ऑगस्टमध्ये तिथेही तीन वर्षांचा एक मुलगा आत पडला, तेव्हा या बिंतीने स्वतःचे पोर पाठीवर असताना त्या परक्या मुलाला उचलून दारापाशी रखवालदारांकडे आणून दिले.

२०२१ साली क्लीव्हलंड शहरी न्नेका नावाच्या मादीला मुलगा झाला. तिला तो सांभाळणे जमेना. त्या घरात फ्रेडरिका म्हणून सत्तेचाळीस वर्षांची एक वडीलधारी होती. गोरिलांत हे वय म्हणजे आजीबाईच. मूल तिच्या ओटीत दिले. दूध तिला येत नव्हते, पण ती बाळाला जाळीपाशी घेऊन येई, रखवालदार जाळीतून बाटली धरीत, आणि बाळ आजीच्या मांडीवर बसून दूध पिई. पाहा, दूध एकाचे आणि मांडी दुसऱ्याची. तरी घर एकच राहिले, मूल परके झाले नाही.

आणि शेवटची गोष्ट डब्लिनची, २०२४ सालची. तिथल्या काफी नावाच्या मादीचे पहिले मूल जगले नव्हते. दुसऱ्या खेपेला संग्रहालयाने काय केले असेल? गावातल्या लेकुरवाळ्या बायकांना बोलावले. बायका येत, काचेपलीकडे काफी बसलेली असे, आणि या तिच्यासमोर आपापली मुले पाजीत. काफी मोठ्या लक्षाने पाहात असे. गोड शेवट करायचा म्हणून मी खोटे सांगणार नाही. मूल झाल्यावर काफीने त्याला जवळ घेतले, माया केली, पण पाजायला नीट धरणे तिला साधले नाही, आणि अखेर बाटली द्यावी लागली. शिकविले की प्रत्येक वेळी येतेच असे नाही. पण त्या बायका गेल्या होत्या! परक्या जातीच्या, काचेपलीकडच्या एका गरोदर मादीसाठी डब्लिनच्या बायका आपले मूल घेऊन जाऊन बसल्या. आणि आपल्याच जिन्यावर, तिसऱ्या मजल्यावर, कोणाची मुलगी किंवा सून रात्री दोन वाजता रडत बसली असेल, तर आपण काय करतो? बारशाला जाऊन कुंची देतो आणि म्हणतो, "आमच्या वेळी नव्हते बाई असले लाड!"

आता तुमच्यातली कोणी म्हणेल, पिंजऱ्यातले कुटुंब ते कसले कुटुंब? खरे आहे. रान ते रान. रानातही आज गोरिलांना सुख नाही. जंगले तुटतात, शिकार होते, इबोलाच्या साथीने कळपच्या कळप गेले. पिंजरा चांगला नव्हे. पण पिंजऱ्याहून वाईट काय, तर एकटेपणा. आपल्या म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात पोलो नावाचा गोरिला होता. १९९५ साली तो त्याच डब्लिनहून आला आणि २०१४ साली गेला. वर्षानुवर्षे तो एकटा राहिला, सबंध देशात त्याच्या जातीचे दुसरे कोणी नव्हते. त्याचा हुंकार ऐकून उलट हुंकार देणारे कोणी नव्हते. २०२१ साली जर्मनीहून तिथे दोन तरुण नर आणले, ते तरी जोडीने राहातात, हे बरे झाले. मला तर आपल्या नव्या इमारतींतल्या बंद दारांवरून जाताना पुष्कळदा पोलोची आठवण येते.

म्हणून माझी मंडळापुढे एक सूचना आहे. आपल्या कार्यालयात एक वही ठेवावी. पेठेत कोणाकडे बाळंतीण घरी आली की नाव लिहावे. आपल्यातल्या दोघींनी, एक वयस्क आणि एक नुकती त्यातून गेलेली अशा, घरच्यांना विचारून त्यांच्या सोयीने तिच्याकडे जावे. जाताना उपदेश नेऊ नये, जेवणाचा डबा न्यावा. आधी तिला पाणी द्यावे, पाठीशी उशी द्यावी आणि शेजारी बसावे. "आमच्या वेळी" हे दोन शब्द दाराबाहेर चपलांपाशी ठेवावेत. दुखणेखुपणे, ताप, बाळाचे वजन न वाढणे असे काही दिसले तर तिथे आपले शहाणपण न चालविता डॉक्टरांकडे पाठवावे. आणि आपल्या शाळकरी मुलींनाही बरोबर न्यावे. त्यांनी तान्हे मूल पाहावे, हळूच त्याचा पाय तळव्यावर घ्यावा. ती त्यांची शाळा. मुलगेही आले तर चांगलेच. बाँगोची गोष्ट मी उगीच सांगितली नाही.

गोमा २०१८ च्या जूनमध्ये वारली, अठ्ठावन्न वर्षांची होऊन. माणसाच्या घरी बाटलीवर वाढलेली ती पोर पुढे आपल्या लोकांत मिसळली, १९७१ साली तिलाही मुलगा झाला, आणि म्हातारपणी ती नातवंडांच्या वयाच्या पोरांमध्ये बसून गेली. मुलीने ती बातमी मला फोनवर सांगितली. आम्ही दोघी थोडा वेळ गप्प होतो. मग मी म्हटले, "अगं, त्या रात्री मी बोलले ते चुकलं हो माझं." ती म्हणाली, "आई, ते मी त्या बाकावरच सोडून दिलं होतं. पण तू म्हणालीस, बरं वाटलं."

ती आता दुसऱ्यांदा बाळंतीण झाली आहे. या खेपेला मला जाणे झाले नाही. पण तिच्याच इमारतीत एक सांगलीकडची मुलगी नवी आली आहे, तिला पहिल्या खेपेचे दिवस आहेत. ती रोज संध्याकाळी आमच्या मुलीशेजारी येऊन बसते आणि पाहात राहाते.

वहीची सूचना तुम्ही मान्य कराल अशी मला आशा आहे. पहिली पाळी मी माझ्या नावे लिहून ठेवली आहे. दुसरे नाव तेवढे कोणीतरी आज हळदीकुंकवाला उठण्यापूर्वी सांगावे, इतकी विनंती करून मी माझे भाषण संपविते.